पदच्युत राजाचा खटला आणि कुंभकोणमचा दिवाण

एखादा जुलमी राज्यकर्ता गादीवरून खाली आला की दोन मागण्या हमखास पुढे येतात. एक म्हणते, त्याला न्यायालयासमोर उभे करा. दुसरी म्हणते, खटला कशाला हवा, त्याने तरी इतरांना कधी खटल्याची संधी दिली होती? या दोन्हींच्या जोडीला तिसरा एक संशयी सूर असतो. सत्ता गेलेल्या माणसावर सत्ता मिळालेल्या माणसाने चालवलेला खटला हा न्याय असूच शकत नाही, तो विजयाचा समारंभ असतो, असे तो सांगतो. १९४५ मध्ये न्यूरेंबर्गच्या वेळी हे बोलले गेले. २००५-०६ मध्ये सद्दाम हुसेनच्या वेळी बोलले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याच्या न्यायाधिकरणाने शेख हसीना यांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला तेव्हाही बोलले गेले.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न केवळ आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पंडितांचा वाटत नाही. दोषारोपपत्र, निलंबन, चौकशी आणि बडतर्फी हे आमच्या रोजच्या व्यवहारातले शब्द आहेत. अधिकारावर असलेल्या माणसाला अधिकारावरून कसे दूर करावे आणि तसे करताना न्यायाची बूज कशी राखावी, हा प्रश्न तालुक्याच्या कचेरीपासून राष्ट्रप्रमुखाच्या प्रासादापर्यंत मूलतः एकच आहे. माझे मत मी आरंभीच मांडतो. पदच्युत राज्यकर्त्यावर खटला चालवणे न्याय्य आहे. किंबहुना तो न चालवणे हा त्याच्यावर आणि त्याच्या प्रजेवर, दोघांवर अन्याय आहे. मात्र अशा खटल्याचे न्याय्यपण न्यायालयाच्या थाटावर ठरत नाही. आरोप कोणता निवडला, न्यायासनावर कोण बसले आणि निकाल मनाविरुद्ध गेला तेव्हा सत्तेने काय केले, या तीन गोष्टींवर ते ठरते.

या तिन्ही कसोट्या समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला बगदादपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्याच इतिहासात याचे एक अस्सल उदाहरण आहे आणि त्याचा एक धागा थेट तमिळनाडूतील कुंभकोणम या गावाशी जुळलेला आहे.

कुंभकोणम म्हटले की आपल्याला कावेरीचा काठ, देवळांची शिखरे आणि बारा वर्षांनी भरणारा महामहमचा मेळा आठवतो. परंतु हा सारा परिसर सुमारे पावणेदोनशे वर्षे तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. त्या राज्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे तिथे स्थिरावली, त्यांनी तमिळ आपलीशी केली आणि घरात आपली जुनी मराठी जपली. काही वर्षांपूर्वी मला तिकडे जाण्याचा योग आला, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांच्या तोंडून असे मराठी ऐकले की जणू बखरीतले एखादे पान बोलू लागले आहे. अशाच एका तंजावरी मराठी कुटुंबात, याच कुंभकोणम गावी, १८२८ मध्ये टी. माधवराव यांचा जन्म झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले हे गृहस्थ एकोणिसाव्या शतकातील सर्वांत नावाजलेल्या हिंदी प्रशासकांपैकी एक होते. बडोद्याचे दिवाणपद त्यांच्याकडे आले ते १८७५ मध्ये, मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून दूर केल्यावर. त्या पदच्युतीच्या आधी जे घडले, तोच आजच्या लेखाचा विषय आहे.

त्याआधी कुंभकोणमच्या शेजारची एक जुनी गोष्ट सांगणे आवश्यक आहे. गावाजवळच तिरुविडैमरुदूर हे महालिंगस्वामींच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेले क्षेत्र आहे. तंजावरचे पदच्युत राजे अमरसिंह यांनी आपले अखेरचे दिवस इथे काढले. १७८७ मध्ये तुळजाराजे वारले. त्यांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींचा हक्क डावलून त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर बसले. दत्तकविधान शास्त्राला धरून नाही, असे मत त्या वेळी पंडितांनी दिले आणि कंपनी सरकारने ते उचलून धरले. पुढे वाऱ्याची दिशा बदलली. दुसऱ्या पंडितांकडून दत्तकविधान वैध असल्याचे मत मिळवले गेले आणि १७९८ मध्ये कंपनीने अमरसिंहांना उतरवून सरफोजींना गादीवर बसवले. पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. अकरा वर्षांत शास्त्र बदलले नव्हते, मत मागणाऱ्याची गरज बदलली होती. सरफोजी विद्वान आणि गुणी निघाले, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनी वैभव दिले, हे खरे आहे. पण अमरसिंहांना उतरवण्याची रीत त्यामुळे न्याय्य ठरत नाही. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण बडोद्याच्या बाबतीत तो पुन्हा उपस्थित होणार आहे.

दुसरे उदाहरण साताऱ्याचे. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत करण्यात आले. त्यांच्यावर इंग्रज सरकारविरुद्ध कारस्थान केल्याचा ठपका होता. त्याबाबत पुरावा गोळा झाला, पण महाराजांना तो तपासण्याची, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची संधी देणारी उघड चौकशी झाली नाही. दोष मान्य करणाऱ्या कागदावर सही केली तर गादी राहील, असे त्यांना सुचवले गेले. त्यांनी सही नाकारली आणि गादी गमावली. काशीला स्थानबद्धतेत १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे वकील रंगो बापूजी वर्षानुवर्षे लंडनमध्ये राहून एकाच गोष्टीसाठी झगडले: आमच्या महाराजांची उघड चौकशी करा.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. खटला हा पदच्युत राज्यकर्त्यावर उगारलेला दंडुका आहे, असे आपण समजून चालतो. प्रतापसिंहांनी मात्र तो आपला हक्क म्हणून मागितला. उघड आरोप नाही, उघड पुरावा नाही, आणि तरीही शिक्षा, यासारखी निरुत्तर करणारी दुसरी अवस्था नाही. म्हणून 'खटला कशाला, हद्दपार करा आणि विषय संपवा' हा सल्ला वरवर उदार वाटला तरी त्यात मोठा अन्याय दडलेला असतो. हद्दपार झालेल्याला आपण निर्दोष होतो हे कधीच सिद्ध करता येत नाही. आणि तो दोषी असेल तर ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांची कैफियत कुठेही नोंदली जात नाही.

आता बडोद्याकडे वळू. मल्हाररावांचा पूर्वेतिहास विलक्षण होता. थोरले बंधू खंडेराव महाराज यांच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून ते पादरा येथे कैदेत होते. १८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव वारले आणि कैदेतला भाऊ गादीवर आला. इंग्रज सरकारने त्याला मान्यता दिली. त्यानंतरच्या कारभाराबद्दल ज्या तक्रारी आल्या त्या किरकोळ नव्हत्या. आधीच्या राजवटीतील माणसांचा सूड, मालमत्तेची जप्ती, शेतकऱ्यांवर अवाच्या सवा करांचा बोजा, स्त्रियांना बळजबरीने राजवाड्यात नेल्याचे आरोप, कैदेतील संशयास्पद मृत्यू, अशी ती यादी होती. एकीकडे ही गाऱ्हाणी आणि दुसरीकडे सोन्याच्या तोफा ओतवून घेण्याची हौस, असे ते राज्य होते. १८७३ च्या अखेरीस कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने या तक्रारींची चौकशी केली. त्यानंतर व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी महाराजांना कारभार सुधारण्यासाठी ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत मुदत दिली. इथपर्यंतची कार्यपद्धती आजच्या प्रशासकालाही नावे ठेवता येणार नाही अशी आहे: तक्रार, चौकशी, अहवाल, ताकीद, मुदत.

या मुदतीत दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण होते. रेसिडेंट कर्नल फेअर आणि दरबार यांचे अजिबात पटत नव्हते. २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता धाडून फेअर यांची बदली मागितली. त्यानंतर आठवड्याभरातच, ९ नोव्हेंबर रोजी, आपल्या सरबतातून आपल्याला विष घालण्याचा प्रयत्न झाला, अशी तक्रार फेअर यांनी केली. सोमल आणि हिऱ्याची पूड यांचा तो बहुचर्चित प्रकार. फेअर यांना लवकरच हलवण्यात आले, त्यांच्या जागी सर लुईस पेली आले, मुंबईचे पोलीस तपासाला लागले आणि जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली.

खटल्यासाठी नेमलेल्या आयोगाची रचना त्या काळाच्या मानाने चकित करणारी होती. तीन इंग्रज: बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काऊच, सर रिचर्ड मीड आणि मेल्विल. तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. कामकाज उघडपणे चालले. महाराजांच्या बाजूने इंग्लंडहून सार्जंट बॅलन्टाइन हे नामांकित वकील आले. त्यांनी साक्षीपुराव्याच्या चिंध्या केल्या. मुख्य साक्षीदार होते रेसिडेन्सीतले नोकर आणि महाराजांचे खासगी कारभारी. कटात आपणही होतो, अशी कबुली देऊन आणि पोलिसांच्या ताब्यात राहून ते साक्ष देत होते. ज्याची बदली आपण रीतसर मागितली आहे आणि ती होण्याची शक्यता आहे, त्या अधिकाऱ्याला विष घालण्याचे महाराजांना कारण काय, हा बचावाचा प्रश्नही वजनदार होता. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चअखेरपर्यंत हे काम चालले आणि आयोग बरोबर मधोमध दुभंगला. तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध झाला असे म्हटले. तिघा हिंदी सदस्यांच्या मते तो सिद्ध झाला नव्हता.

असे झाल्यावर काय व्हायला हवे होते? संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व इंग्रजांनीच आपल्याला शिकवले. त्याप्रमाणे महाराज गादीवर परत यायला हवे होते आणि सुधारणेची जी मुदत दिली होती ती पुरी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात एप्रिल १८७५ मध्ये जाहीरनामा निघाला. त्यात सरकारने सांगितले की हा निर्णय आयोगाच्या चौकशीवर आधारलेला नाही आणि विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला असे सरकार धरून चाललेले नाही. महाराजांचे कुख्यात वर्तन, राज्यातील घोर अंदाधुंदी आणि सुधारणा करण्याची उघड असमर्थता या कारणांवरून त्यांना पदच्युत करण्यात येत आहे. मल्हाररावांना मद्रासला नेण्यात आले आणि १८८२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

आता सुरुवातीच्या तीन कसोट्या लावून पाहू.

पहिली कसोटी आरोपाची. मल्हाररावांविरुद्धचा सर्वांत गंभीर आरोप प्रजेचा होता. ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांची माणसे कैदेत मेली, ज्यांच्या लेकीसुनांची अब्रू गेली, त्यांचा होता. पण ज्या आरोपावरून महाराजांना आरोपी म्हणून उभे केले तो होता इंग्रज रेसिडेंटच्या पेल्यातल्या सरबताचा. रयतेची गाऱ्हाणी १८७३ मध्ये एका अहवालात नोंदली गेली, पण त्यांतल्या एकाचाही निवाडा आरोपीसमोर, उलटतपासणीनंतर झाला नाही. सत्तेने स्वतःला झालेली इजा निवडली आणि प्रजेला झालेली इजा फायलीत ठेवली. पदच्युत राज्यकर्त्यांच्या खटल्यांत हा दोष पुन्हापुन्हा दिसतो. सद्दाम हुसेनला ३० डिसेंबर २००६ रोजी फाशी देण्यात आली ती १९८२ मधील दुजैलच्या १४८ लोकांच्या हत्येसाठी. कुर्दांच्या संहाराचा, अन्फाल मोहिमेचा खटला तेव्हा चालू होता. फाशीबरोबर त्याच्यापुरता तो संपला. दुजैलच्या माणसांना काहीतरी मिळाले. हजारो कुर्द कुटुंबांना मात्र मुख्य आरोपीविरुद्धचा निकाल कधीच मिळाला नाही. घाई झाली की पहिला बळी जातो तो सर्वांत मोठ्या आरोपाचा.

दुसरी कसोटी न्यायासनाची. तीन इंग्रज आणि तीन हिंदी ही रचना उदार होती, याबद्दल वाद नाही. पण तपशिलात पाहा. ज्या मीड यांनी १८७३ मध्ये महाराजांच्या कारभाराची चौकशी करून प्रतिकूल अहवाल दिला, तेच मीड १८७५ मध्ये त्यांच्याविरुद्धच्या फौजदारी स्वरूपाच्या आरोपाचा निवाडा करायला बसले होते. प्राथमिक चौकशी करून मत बनवलेल्या अधिकाऱ्याला आपण आज विभागीय चौकशीत चौकशी अधिकारी नेमायचे टाळतो. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका असते असे नाही. त्याच्या मनाची पाटी कोरी नसते, एवढेच. शिवाय हे सहाही जण न्यायाधीश नव्हतेच. ते व्हाइसरॉयला मत देणारे सल्लागार होते. तक्रारदार सरकार, तपास करणारे सरकार आणि अंतिम निर्णय घेणारेही सरकारच.

तिसरी कसोटी निकालाची. सर्वांत मोठी हीच. ज्या खटल्यात निर्दोष सुटण्याची शक्यता नसते, त्याला खटला म्हणता येत नाही. न्यूरेंबर्गवर जेत्यांचा न्याय म्हणून टीका झाली, तिच्यात तथ्यही आहे. तरीही १९४६ मध्ये त्या न्यायालयाने शाख्त, पापेन आणि फ्रिट्श या तिघांना निर्दोष सोडले, हे विसरता येणार नाही. टोकियोच्या न्यायाधिकरणात १९४८ मध्ये न्यायमूर्ती राधाबिनोद पाल सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्न मतपत्र लिहू शकले. अर्जेंटिनात १९८५ मध्ये लष्करी राजवटीच्या नऊ प्रमुखांवर त्यांच्याच देशातील नागरी न्यायालयात खटला चालला. आठशेहून अधिक साक्षीदारांनी आपली कैफियत सांगितली. पाच जणांना शिक्षा झाली आणि चौघे सुटले. त्या चौघांच्या सुटकेमुळेच पाच जणांच्या शिक्षेला वजन आले, असे मला वाटते. बडोद्यात मात्र आरोप सिद्ध झाला असता तरी महाराज जाणार होते आणि झाला नाही तरी जाणार होते. नाणे कोणत्याही बाजूला पडो, डाव सरकारचाच.

सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. एखाद्या कर्मचाऱ्याविरुद्ध लाचखोरीचा संशय असतो. चौकशी सुरू होते, साक्षीदार फिरतात, कागद सापडत नाहीत, आरोप सिद्ध होण्याची चिन्हे दिसत नाहीत. मग कोणीतरी सुचवते की चौकशी राहू द्या, 'लोकहितास्तव' सक्तीची सेवानिवृत्ती द्या. माझ्या सेवाकाळात एका कार्यालयात अशी टिप्पणी माझ्यासमोर आली होती. ज्याच्याबद्दल ती होती तो गृहस्थ सचोटीचा होता असे मी छातीठोकपणे म्हणू शकलो नसतो. परंतु ज्या आरोपाबद्दल त्याला खुलासा विचारला तो एक, आणि ज्या कारणासाठी त्याला घरी पाठवायचे ते दुसरेच. त्या दुसऱ्या कारणाबद्दल त्याला एका ओळीचीही नोटीस नव्हती. मी त्या टिप्पणीशी असहमती नोंदवली. पुढे काय झाले हा इथे मुद्दा नाही. मुद्दा हा की सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध उमेदभाई पटेल या प्रकरणात हीच गोष्ट सांगितली. सक्तीची सेवानिवृत्ती ही विभागीय चौकशी टाळण्याची पळवाट म्हणून वापरता येणार नाही. बडोद्याच्या जाहीरनाम्याला सव्वाशे वर्षे उलटल्यावर त्याच गुजरातेतून आलेल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हे तत्त्व लिहिले गेले, हा योगायोग मला बोलका वाटतो.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३११ चा गाभाही हाच आहे. आरोप काय आहे ते सांगा, म्हणणे ऐका, मग शिक्षा करा. ज्या संरक्षणाचा लाभ आज एखाद्या लिपिकाला मिळतो, ते १८७५ मध्ये एका राजाला मिळाले नव्हते. आणि आजही अनेक देशांत मावळत्या राष्ट्रप्रमुखाला ते मिळत नाही. शेख हसीना यांच्या बाबतीत हे विशेष टोचते. ज्या न्यायाधिकरणाने त्यांना शिक्षा दिली ते त्यांच्याच सरकारने २०१० मध्ये स्थापन केले होते. तेव्हा त्याच्या कार्यपद्धतीवर घेतलेले आक्षेप त्यांच्या सरकारने मनावर घेतले नाहीत. सत्तेवर असताना जो न्यायालयाची चौकट कमकुवत ठेवतो, त्याला एक दिवस त्याच चौकटीखाली उभे राहावे लागू शकते. २०२४ च्या आंदोलनात ज्यांची मुले गेली त्या आईबापांचे दुःख खरे आहे. त्यांच्यासाठी तरी आरोपी समोर असलेला, पूर्ण बचाव झालेला आणि म्हणून कुणालाही नाकारता न येणारा निकाल हवा होता.

आता बडोद्याच्या संदर्भातील सर्वांत अवघड आक्षेप. तो मराठी माणसाच्या मनात हमखास येतो. मल्हारराव गेले म्हणून तर सयाजीराव आले! नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला गेला आणि त्याने सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये आणि समाजसुधारणा यांत अवघ्या हिंदुस्थानला वाट दाखवली. कुंभकोणमच्या माधवरावांनी मे १८७५ मध्ये दिवाणगिरी हाती घेतली आणि १८८२ पर्यंत त्या विस्कटलेल्या राज्याची घडी बसवली. महसुलाची इजारेदारी मोडली, न्यायालये आणि पोलीस यांची नव्याने मांडणी केली, शाळा काढल्या, आधीच्या राजवटीतील देणी आणि दावे निकाली काढले. एवढे भले झाले असताना त्या जाहीरनाम्यातील उणिवा कशाला उगाळायच्या?

हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. मल्हाररावांच्या प्रजेला सुटका हवी होती आणि ती मिळाली. राज्यकर्त्याला दूर करण्याचा निर्णय कधीकधी तातडीने घ्यावा लागतो. रयत जळत असताना कायद्याचा कीस काढत बसता येत नाही. पण दूर करणे वेगळे आणि दोषी ठरवणे वेगळे. पहिला निर्णय राजकीय आहे. तो ज्याने घेतला त्याने त्याची जबाबदारी उघडपणे स्वीकारावी. दुसरा निर्णय न्यायिक आहे. तो ज्याच्याकडे सोपवला त्याच्यावरच सोडावा. नॉर्थब्रुक यांनी १८७४ मध्येच कुशासनाच्या कारणावरून, मीड आयोगाच्या अहवालाच्या आधारे, महाराजांचे म्हणणे ऐकून त्यांना दूर केले असते, तर ते कठोर ठरले असते पण अप्रामाणिक ठरले नसते. विषप्रयोगाचा खटला उभारून, तो फसल्यावर जुने कारण पुन्हा बाहेर काढल्यामुळे दोन्ही गोष्टी नासल्या. पदच्युती संशयास्पद झाली आणि न्यायालय शोभेचे झाले.

लोकमतावर त्याचा काय परिणाम झाला ते पाहा. ज्या मल्हाररावांबद्दल बडोद्याच्या रयतेला फारसे प्रेम वाटण्याचे कारण नव्हते, त्यांच्याबद्दल मुंबई-पुण्यापासून कलकत्त्यापर्यंत सहानुभूतीची लाट उसळली. अमृतलाल बसू यांनी बंगालीत याच प्रकरणावर 'हीरकचूर्ण' हे नाटक १८७५ मध्ये लिहिले. जुलमी राजा हुतात्म्यासारखा दिसू लागला. अन्यायी रीतीने दिलेली शिक्षा दोषी माणसालाही प्रतिष्ठा मिळवून देते. ज्यांनी त्याचा जुलूम सोसला त्यांच्यावरचा हा दुसरा अन्याय असतो, कारण त्यांचे दुःख आता त्याच्या दुःखाच्या मागे झाकले जाते.

आणि चांगल्या परिणामाने वाईट रीत शुद्ध होते असे मानले तर त्याच रीतीने उद्या चांगला राजाही जाऊ शकतो, याचे काय? गादीवर बसवणे आणि उतरवणे हे केवळ सरकारच्या मर्जीचे काम झाले की ती मर्जी सद्गुणांकडेच पाहील याची हमी नसते. साताऱ्याचे प्रतापसिंह विद्येची आणि लोकोपयोगी कामांची आवड असलेले राज्यकर्ते होते, तरी ते गेलेच. मल्हाररावांच्या वेळी जी रीत आपल्याला सोयीची वाटते, तीच प्रतापसिंहांच्या वेळी आपल्याला जाचते. म्हणून रीतीचा विचार माणूस पाहून करू नये.

माधवरावांकडे मी याच दृष्टीने पाहतो. त्यांना गादी मिळाली नव्हती, तिच्या सावलीत काम मिळाले होते. बडोद्याचा राजा तमिळ मुलखात स्थानबद्ध आणि तमिळ मुलखात जन्मलेला मराठी माणूस बडोद्यात कारभारी, असा तो विचित्र फेरा होता. आधीच्या राजाचा निवाडा करणे हे त्यांचे काम नव्हते. पुढचा राजा तसा होऊ नये अशी व्यवस्था करणे हे त्यांचे काम होते. १८८१ मध्ये तरुण सयाजीरावांना त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली, ती 'मायनर हिंट्स' या नावाने प्रसिद्ध आहेत. राज्य प्रजेच्या सुखासाठी आहे आणि राजाची इच्छा म्हणजे कायदा नव्हे, हा त्यांचा सूर आहे. एका अर्थाने मल्हाररावांविरुद्धच्या खऱ्या आरोपाचे उत्तर आयोगाच्या कागदांत नाही, ते या व्याख्यानांत आणि त्यांनी घडवलेल्या न्यायालयांत आहे. परंतु व्यवस्था कितीही उत्तम उभारली तरी मागच्या जुलमाचा हिशेब तिच्यामुळे आपोआप चुकता होत नाही. माधवरावांनी देणी चुकवली. लेकीसुनांच्या अब्रूचा आणि कैदेतल्या मृत्यूंचा निवाडा कोणत्याही दिवाणाला दप्तरातून करता येत नाही. तिथे न्यायालयच लागते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. राज्यकर्त्याला दूर करायचे असेल तर त्याचे खरे कारण पहिल्याच कागदावर लिहा. खटला चालवायचा असेल तर प्रजेचा सर्वांत मोठा आरोप आधी घ्या, सत्तेला बोचलेला नव्हे. ज्याने आधीच मत दिले आहे त्याला न्यायासनावर बसवू नका. आरोपीला वकील, वेळ आणि समोर उभे राहण्याची संधी द्या. आणि न्यायासन दुभंगले, आरोप सिद्ध झाला नाही, तर 'सिद्ध झाला नाही' हा निकाल मान्य करण्याचे धैर्य ठेवा. हे धैर्य नसेल तर न्यायालय भरवू नका; आपण राजकीय निर्णय घेत आहोत असे सांगा आणि इतिहासासमोर स्वतः उत्तर द्या.

हुकूमशहाला न्याय देणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे. त्याने आपल्या प्रजेला जी गोष्ट नाकारली, ती प्रजा आता कुणालाही नाकारणार नाही, एवढेच त्यातून सांगायचे असते. शिंदे, रामसिंह आणि दिनकरराव यांनी १८७५ मध्ये सार्वभौम सत्तेची इच्छा ठाऊक असताना 'आरोप सिद्ध झाला नाही' असे लिहिले. मल्हारराव चांगले राजे होते, असे ते म्हणत नव्हते. त्यांच्यासमोर जो प्रश्न ठेवला होता त्याचेच उत्तर त्यांनी दिले. न्यायासनावर बसणाऱ्याने, मग ते राजाविरुद्धचे असो वा एखाद्या लिपिकाविरुद्धच्या चौकशीचे, एवढेच करायचे असते. आणि शासनाने ते उत्तर ऐकायचे असते.